वैशाखातली आंधी आणि उतरणारा पारा : उत्तरेच्या मैदानातले तुमचे अनुभव

पंजाब-हरियाणापासून बंगालपर्यंतच्या सपाट मुलखात राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या मराठी मंडळींसाठी हा धागा आहे. एप्रिल-मे महिन्यांतल्या वादळांबद्दल लिहा. बातम्यांत दिवसाचं कमाल आणि किमान असे दोनच आकडे येतात. पण भर दुपारचा पारा तासाभरात धाडकन खाली येतो तेव्हा अंगाला, घराला, शेताला काय होतं, ते त्या आकड्यांत कुठेच नसतं. मला तेच वाचायचं आहे. तारीख आठवत नसेल तरी चालेल. वेळ आणि आधी काय झालं, वारा की पाऊस, हे मात्र जरूर लिहा.

सुरुवात मी करते. मी दिल्लीत राहते. ३० मे २०२२ची संध्याकाळ इथल्या कुणीच विसरणार नाही. चारच्या सुमारास चाळीसच्या आसपास असलेलं तापमान सहा वाजायच्या आत पंचविसावर आलं होतं. वारे ताशी शंभर किलोमीटरपर्यंत पोचले, झाडं गाड्यांवर कोसळली, जामा मशिदीच्या मधल्या घुमटावरचा कळस मोडला. त्याच्या आदल्याच सोमवारी, २३ तारखेला, भल्या सकाळी असंच झालं होतं; पारा २९ वरून १८ वर! दोन्ही वेळा गार झोत आधी आला, पाऊस मागून. ढगातून सुटलेला पाऊस खालच्या तापलेल्या, कोरड्या हवेत वाटेतच बराचसा विरतो. त्या बाष्पीभवनाने हवेतली उष्णता ओढून घेतली जाते, गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीला टेकताच चहूकडे पसरते. धूळ तीच उडवते. म्हणून मैदानात गार वाऱ्याची पहिली झुळूक लागली की मी आधी गच्चीवरच्या कुंड्या आत घेते, मग खिडकीशी उभी राहते.

आग्रा : ताई, तुमच्या आठवणीत गारवा आहे, माझ्या आठवणीत भीती आहे, तरी लिहितो. २ मे २०१८ची रात्र. तेव्हा नोकरीनिमित्त आग्र्याच्या बाहेरच्या एका गावात भाड्याने राहत होतो. उकाड्यामुळे सगळी वस्ती छपरावर किंवा अंगणात खाटा टाकून झोपायची. त्या रात्री वारा सुटला आणि वीज गेली. घरमालकीणबाई, आम्ही त्यांना अम्माजी म्हणायचो, ओरडून सगळ्यांना पक्क्या खोलीत घेत होत्या. शेजारची विटांची भिंत पडली ती बाहेरच्या बाजूला, तिथल्या खाटा रिकाम्या झाल्या होत्या म्हणून निभावलं. सगळ्यांचं तसं झालं नाही. राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून त्या वादळात शंभराहून अधिक माणसं गेली, कितीतरी जण पडलेल्या भिंती आणि छपरांखाली सापडून. कच्च्या भिंतीच्या आडोशाला वाऱ्यापासून लपायचं नाही, हे अम्माजींनी त्या रात्री शिकवलं.

लखनौ : आमच्याकडे मलिहाबादच्या दशहरी आंब्याची चिंता. मे महिन्यातल्या एका आंधीत बागेखाली कैऱ्यांचा सडा पडतो आणि ओळखीचे बागवान चाचा दुसऱ्या दिवशी बोलत नाहीत. बस, एवढंच.

बर्धमान : बंगालची कालबैसाखी, म्हणजे इथली वैशाखातली वादळं, वेगळी, कारण इथे बंगालच्या उपसागराचं बाष्प खाली भरलेलं असतं आणि वर पश्चिमेची कोरडी हवा. छोटा नागपूरच्या पठाराकडे दुपारी ढग उभे राहतात, दिवेलागणीपर्यंत इथे पोचतात. वायव्येचं आभाळ आधी शाईसारखं होतं. आमच्या गल्लीतले मिठाईवाले दादा ते पाहून निवांतपणे फळ्या लावायला घेतात आणि हटकून वेळेवर पूर्ण करतात. मग पंधरा-वीस मिनिटं नुसता कल्लोळ, कधी गारा. रात्री चादर लागते. विदर्भात वाढल्यामुळे मला ऊन नवं नव्हतं, पण चैत्र-वैशाखात अशी वरचेवर सुटका होते याचं अजूनही अप्रूप वाटतं.

हिसार : इकडे पुष्कळदा नुसती धूळ. पाऊस नाहीच! हवेत धूळ तरंगत राहिली की रात्रीची उष्णता वर निसटत नाही, पहाटसुद्धा गरम. आणि खरा पाऊस येतो तो नेमका एप्रिलमध्ये, जेव्हा मंडीत गव्हाचे ढीग उघड्यावर असतात. ताडपत्री कमी पडते. भिजलेल्या ढिगापुढे उभा असलेला शेतकरी पाहिला की ‘मस्त गारवा आलाय’ असं मला म्हणवत नाही.

पुण्याहून एक प्रश्न : मी आत्याकडे कानपूरला महिनाभर होते. वादळानंतरचा दुसरा दिवस आधीपेक्षा वाईट का वाटला? आकडा तर कमी होता.

धागाकर्तीचं उत्तर : दमटपणामुळे, गं. भिजलेली जमीन उन्हात बाष्प सोडते आणि घाम वाळत नाही. सखल भागासाठी हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना कमाल तापमान निदान ४० आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त, असं पाहतं. ३८ अंशांचा चिकट दिवस त्यात बसत नाही, म्हणून काळजी घ्यायचं थांबवू नकोस.

समस्तीपूर : विजेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जातात. इथे बळी पडतात ते बहुतेक शेतात राबणारे. मी शेतीच्या कामानिमित्त गावोगाव फिरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप माझ्या फोनवर असतं, पण शेतातल्या बायकांकडे फोन नसतो. म्हणून मी त्यांना मोजायला सांगतो : वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जायचं. एकट्या झाडाखाली, मचाणाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एका मुकादमाने ‘मजुरी कोण भरणार?’ असं विचारलं होतं. गेल्या हंगामापासून तो स्वतःच हाका मारून सगळ्यांना शाळेच्या इमारतीत नेतो, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कापत नाही.