मदत हवी आहे: बहिणीच्या घटस्फोटात फ्लॅट, सोनं आणि शेतीची वाटणी कोर्ट कशी करतं?

बालाघाटकर

नमस्कार. आम्ही अंबाजोगाईचे. धाकटी बहीण जालना जिल्ह्यात झेडपी शिक्षिका, दाजी वाळूजच्या एका कंपनीत. लग्न 2013 चं, मुलगी आठ वर्षांची. दोघांचं आता जमणार नाही हे दोन्ही घरांनी मान्य केलंय. कारणं इथं काढत नाही, त्यावर सल्लाही नको.

अडलंय वाटणीवर. संभाजीनगरला बीड बायपासवर फ्लॅट आहे, इंडेक्स टूवर (खरेदीच्या नोंदणी उताऱ्यावर) दोघांची नावं. घेताना बहिणीची सहा लाखांची बचत गेली, शिवाय लग्नातलं सोनं गहाण टाकलं, ते अजून सुटलेलं नाही. हप्ता दाजींच्या खात्यातून जातो. बहिणीच्या पगारातून किराणा, लेकराची फी, सासूबाईंची औषधं. आता दाजींचं म्हणणं, "हप्ते मी भरले, फ्लॅट माझा. तुझा किराणा तर खाऊन संपला."

शेती बदनापूर तालुक्यात, सासऱ्यांच्या नावावर. त्यातली थोडी समृद्धी महामार्गात गेली आणि त्या मोबदल्यातून दाजींच्या नावावर जालन्यात प्लॉट घेतला.

परवा बैठक झाली. तिकडून निरोप असा: दहा लाख घ्या, फ्लॅटचं हक्कसोडपत्र आधी करून द्या, मग संमतीचा अर्ज टाकू. आमचे मामा म्हणतात कायद्यानं अर्धं मिळतंच, एक रुपया सोडायचा नाही. वकील म्हणाले, केस टाकल्यावर कळेल. फी मात्र लगेच कळली.

खरंच अर्धं मिळतं का? किराण्यात गेलेल्या पगाराला काही किंमत आहे का? आणि शेतीत बहिणीचं काय?

मोसंबी_बाग

मामा बरोबर आहेत. लग्नानंतर घेतलेल्या सगळ्यात बायकोचा निम्मा वाटा असतो. माझ्या चुलतभावाचं गोव्यात असंच झालं.

तारीख_पे_तारीख

दादा, गोव्याचं उदाहरण इथं देऊ नका. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यात नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता निम्मी-निम्मी होते. बदनापूरला हिंदू विवाह कायदा 1955 लागतो आणि त्यात निम्म्याची तरतूदच नाही. बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पुढं लोकसभा बरखास्त झाली आणि तेही गेलं.

बालाघाटकर, मी लातूरला वकिली करते. कोर्ट सगळं एका ढिगात टाकून दोन भाग करत नाही. प्रत्येक वस्तू वेगळी बघते: नाव कुणाचं, पैसा कुणाचा, आणि कागद काय सांगतो.

फ्लॅट. दोघांची नावं असली की दोघं मालक. खरेदीखतात हिस्सा लिहिलेला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 बघतात: ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि ते सिद्ध झालं नाही तर समान. म्हणून सहा लाख गेल्याचं बँक स्टेटमेंट आजच काढा. किराणा, फी, औषधांचा खर्चही काढा. त्याचा थेट हिस्सा होत नाही, पण तिनं घर चालवलं म्हणून दाजींचा पगार हप्त्याला मोकळा राहिला, हे कोर्टापुढं आकड्यांत मांडता येतं. बायकांच्या बाजूनं हेच मांडायचं राहून जातं, मला त्याचा राग येतो.

सोनं. ते स्त्रीधन, म्हणजे एकट्या बाईचं, वाटणीचा प्रश्नच नाही. प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1985 मध्येच ते स्पष्ट केलं. एप्रिल 2024 मध्ये पुन्हा सांगितलं की अडचणीत नवऱ्यानं वापरलं तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्या खटल्यातल्या नवऱ्याला बायकोला 25 लाख द्यायला लावले. गहाणाची पावती, सराफाची बिलं, लग्नाचे फोटो जमवा. आंदणातलं कपाट, भांडी वगैरे जे दोघांना मिळून दिलं, ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली मागता येतं.

शेती. बहिणीला घटस्फोटात तिथं हिस्सा नाही. पण भाचीचं वेगळं आहे. जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर मुलीला जन्मानंच हक्क आहे. सासऱ्यांना ती 1956 नंतर त्यांच्या वडिलांकडून वारसानं आली असेल तर बहुतेकदा त्यांची स्वतःची ठरते आणि नातीचा जन्मसिद्ध हक्क उरत नाही. नुसत्या सातबाऱ्यावरून हे कळायचं नाही. जुने फेरफार आणि 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) तहसीलमधून काढा. मोबदल्यातून घेतलेला प्लॉटही त्याच प्रश्नावर अडकलेला आहे.

पोटगी. तिला पगार आहे, त्यामुळं फार अपेक्षा धरू नका. मुलीचा खर्च मात्र बापाला चुकत नाही.

वाळूज_शिफ्ट

मी यातून गेलोय, नवऱ्याच्या बाजूनं. दाजींना व्हिलन करू नका, हप्ते भरताना माणूस खरंच पिळून निघतो. तरी एक सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगी मागितली की दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. लपवायला जागा कमी राहते. शपथपत्राचा विषय निघाला की बैठकीतले आकडे बदलतात, आमचे बदलले. फ्लॅटची आजची किंमत आणि उरलेलं कर्ज किती?

बालाघाटकर

ताई, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. फ्लॅट साधारण 45 लाख, कर्ज 19 बाकी.

वाळूज_शिफ्ट

म्हणजे राहिले 26. समान धरले तरी बहिणीचे 13. आणि ते दहा लाखांत फ्लॅट, सोनं, भाची सगळं मिटवायला निघालेत.

तारीख_पे_तारीख

हक्कसोडपत्राचं राहिलंच. आधी सही करायची नाही. सही केली तरी बँकेच्या लेखी ती सहकर्जदार राहतेच, म्हणजे मालकी गेली आणि कर्ज गळ्यात. आधी बँकेकडून तिचं नाव कर्जातून काढून घ्या, किंवा फ्लॅट विकून कर्ज फेडा. संमतीच्या घटस्फोटाच्या, म्हणजे हिंदू विवाह कायदा कलम 13 ब च्या अर्जात दोन टप्पे असतात, मध्ये सहा महिने. कोर्ट ते माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल आहे. दुसऱ्या टप्प्याआधी कुणीही संमती मागं घेऊ शकतं. म्हणून पैसे टप्प्याला बांधा: काही पहिल्या अर्जाला, उरलेले दुसऱ्या वेळी कोर्टात डीडीनं, आणि हक्कसोडपत्र त्याच वेळी. सोनं सोडवून देणं आणि मुलीचा खर्च अटींमध्ये वेगळा लिहा, एका ठोक रकमेत घालू नका.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, शिक्षिका असली तरी.

बालाघाटकर

सही केलेली नाही. खासऱ्यासाठी सोमवारी बदनापूर तहसीलला जातोय. सराफाची पावती सापडेना, पण गहाणाचे कागद बहिणीकडं आहेत, त्यावर तिचंच नाव आणि वजन आहे. ते पुरेल का, ताई?

तारीख_पे_तारीख

पावतीपेक्षा चांगलं. झेरॉक्स काढून मूळ कागद अंबाजोगाईला ठेवा.