व्हिडिओ पूर्ण बघून येतात, पण वर्गात विचारलं की शून्य!

खडूफळा: नववीला सायन्स शिकवते. यंदा फ्लिप्ड क्लासरूम करून बघतेय, म्हणजे व्हिडिओ घरी आणि गणितं, प्रयोग वर्गात. व्हिडिओ मीच बनवते, २०-२२ मिनिटांचे, अगदी जीव ओतून. ॲपमध्ये सगळ्यांचा १००% पाहिलेला दिसतो, पण न्यूटनच्या नियमावर साधा प्रश्न टाकला की एकमेकांची तोंडं बघतात, वर "मॅडम, व्हिडिओत कळलं होतं" आहेच. मग मी तेच परत फळ्यावर शिकवते. चुकतंय कुठे?

टिवल्याबावल्या: मी स्टुडंटच आहे, खरं सांगू? २x वर लावून बाजूला चॅटिंग चालू असतं. आणि तुम्ही वर्गात परत शिकवणार हे माहीत असल्यावर घरी डोकं कोण लावणार 😅

अर्धवटराव: २२ मिनिटं खूप झाली हो. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचे जवळपास ६९ लाख व्ह्यूइंग सेशन्स तपासले होते, व्हिडिओ कितीही लांब असू दे, बघण्याच्या वेळेचा मध्यक (मधला आकडा) काही ६ मिनिटांपुढे गेला नाही.

घर्षणबल: अर्धवटराव, बरोबर, पण ते किती वेळ बघितलं त्याचं माप झालं, किती शिकले त्याचं नाही. नुसते तुकडे पाडून भागणार नाही, मध्ये प्रश्न हवेत. २०१३ च्या एका प्रयोगात २१ मिनिटांचं स्टॅटिस्टिक्सचं लेक्चर चार भागांत दाखवलं, प्रत्येक भागानंतर ज्यांची छोटी टेस्ट घेतली त्यांचं मन भरकटणं निम्म्यावर आलं आणि नोट्सही जास्त निघाल्या.
आणि मॅडम, "कळलं होतं" हीच तर गोम आहे. व्हेरिटासियम या यूट्यूबवरच्या सायन्स चॅनेलवाल्या डेरेक मुलरची पीएचडी यावरच आहे, न्यूटनच्याच नियमांवर. सरळ सोपं समजावणारा व्हिडिओ पोरांना एकदम क्लिअर वाटला, पण मार्क जवळपास होते तिथेच, कारण डोक्यातली जुनी चुकीची समजूत हललीच नाही, उलट आपल्याला हे येतंच असं वाटून ती पक्की झाली. दुसऱ्या व्हिडिओत दोघं जण त्याच चुकीच्या समजुतींवर वाद घालतात, तो पोरांना गोंधळाचा वाटला पण मार्क त्यानेच वाढले. म्हणून पहिल्या मिनिटालाच विचारा, वर फेकलेल्या चेंडूवर वर जाताना कुठलं बल असतं? उत्तर लिहून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खडूफळा: अरे देवा, चेंडूवर हाताचं बल राहतं असं अर्धा वर्ग म्हणाला होता आणि मी "नाही, फक्त गुरुत्वाकर्षण" म्हणून पुढे गेले! हाच व्हिडिओ आधी तोडते. पण ज्याने पाहिलाच नाही त्याचं वर्गात काय करायचं?

टिवल्याबावल्या: मागे बसवा, हेडफोन द्या, तिथेच बघू दे. बाकीच्यांचा प्रयोग चालू असताना एकट्याने व्हिडिओ बघत बसायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही आवडलं.