घड्याळाची चावी, क्राउन आणि स्टेम

प्रश्न
बाबांचं एचएमटी जनता दुरुस्तीला दिलं होतं. दुकानातले काका म्हणाले, "चावी चांगली आहे, स्टेम तुटलीय." मी आजवर बाहेरचं बोंड (क्राउन) आणि त्याची आत जाणारी काडी (स्टेम), दोन्ही मिळून चावीच समजत होते. मग स्टेमला मराठीत काय म्हणायचं? क्राउनला 'मुकुट' चालेल का?

उत्तर
ताई, मुकुट नको. दुकानात जाऊन "मुकुट बदला" म्हणालात तर कुणाला कळणार नाही. क्राउन म्हणजे चावीच, विदर्भात चाबी. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, आणि इथे अगदी चपखल. खिशातल्या जुन्या घड्याळांना खरोखरच सुटी किल्ली लागे. फ्रेंच घड्याळजी आद्रियाँ फिलिप यांनी १८४५ साली घड्याळालाच जोडलेल्या बोंडाने चावी द्यायच्या रचनेचं पेटंट घेतलं. पुढे किल्ली गेली, पण आपण अजून चावीच देतो. मला हे फार आवडतं.

आणखी एक
मी घड्याळं दुरुस्त करतो. स्टेमला 'दांडी' म्हणा. काका "तुटलीय" म्हणाले ना? शब्द इंग्रजी असला तरी मनात दांडीच असणार, म्हणून स्त्रीलिंग.

दोन्ही शब्द वेगळे का हवेत, ते काम करताना कळतं. जुनी दांडी काढताना तिला आत धरून ठेवणाऱ्या लिव्हरचा स्क्रू एक-दीड फेराच सैल करायचा. पूर्ण काढला तर लिव्हर आत निसटतो आणि डायल उतरवावी लागते. नवी दांडी मुद्दाम लांब येते. ती मशीनमध्ये पूर्ण आत बसवायची, चावी आट्यांवर चढवायची, केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) आणि चावी यांच्यातली फट मोजायची. मग दांडी बाहेर काढून आट्यांच्या टोकाकडून कापायची, तीही थोडी थोडी, आणि टोक कानशीने सपाट करायचं. लांब राहिली तर फटीतून धूळ जाते. आखूड झाली तर चावी केसला टेकते, दांडी आत पुरती बसत नाही, आणि ती दांडी वाया गेली. आटेही जुळायला हवेत: ०.९० मिमीच्या आट्यांची चावी १.२० मिमीच्या दांडीवर चढत नाही. एवढं सगळं 'चावी बदलली' या दोन शब्दांत कसं सांगणार?

प्रश्न विचारणारी
मग "चावी तीच, दांडी नवी" असं लिहिते. आणि वेळ लावताना?

उत्तर
वेळ लावताना चावी ओढायची. न ओढता फिरवून स्प्रिंग भरली की चावी दिली.