अफवेने लोक सावध होतात म्हणे!

कोकणकडा
निपाच्या, म्हणजे वटवाघळांतून माणसात येणाऱ्या त्या जीवघेण्या विषाणूच्या चर्चेत स्पष्टवक्ता यांनी लिहिलं, "लोक भीतीनेच ऐकतात. अफवेने का होईना, चार माणसं जपून राहिली तर बिघडलं काय?" दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

काय बिघडतं ते २०१८ च्या मे महिन्यात केरळातल्या कोळिकोड आणि मलप्पुरममध्ये दिसलं. १७ माणसं गेली. बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयात, खोकणाऱ्या रुग्णाच्या आसपास राहून. म्हणजे लोकांना सांगायचं ते इतकंच होतं: रुग्णाजवळ मास्क लावा, हात धुवा, ताप आला तर लपवू नका. फोनवर मात्र फिरत होतं, कोंबडीतून निपा पसरतो. लोकांनी कोंबडी सोडली, फळं सोडली आणि पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातल्या नर्सना वाळीत टाकलं. बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसेना, रिक्षावाले घेईनात. नर्स लिनी पुदुश्शेरी त्याच रुग्णालयात रुग्णाची सेवा करताना आजारी पडली आणि गेली. ही तुमची सावधगिरी?

स्पष्टवक्ता
अर्धंच वाक्य उचललंत. अफवा का पसरते, ते मी पुढे लिहिलं होतं. वरचे लोक गप्प बसतात म्हणून. पहिला रुग्ण ५ मे रोजी गेला. निपा असल्याचं कळायला त्याचा भाऊ आजारी पडावा लागला. वटवाघळांचे नमुने आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह. सामान्य माणसाने धरायचं काय?

आणि माझं ऐका. कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझ्या काकांना एका दवाखान्यात "साधा व्हायरल आहे, घाबरू नका" म्हणून घरी पाठवलं. आठवड्यात घरातली सगळी आडवी झाली, काका परत आले नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये जी काकू दाराच्या कड्या सॅनिटायझरने पुसायची, जिला सगळे हसायचे, तिच्या घरी एकालाही काही झालं नाही. मला आकडे सांगू नका.

कोकणकडा
काकांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण त्यांना घरी पाठवणाऱ्याचं म्हणणं चूक होतं, म्हणून कोंबडीची अफवा बरोबर ठरत नाही.

नमुन्यांचं म्हणाल, तर आधी तपासलेली वटवाघळं पहिल्या रुग्णाच्या घराच्या विहिरीतली, किडे खाणारी. फळं खाणारी मोठी वटवाघळं नंतर पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासली, त्यांत विषाणू सापडला. यात शब्द फिरवला कुठे? आणि दुसऱ्याच रुग्णात निदान झालं, याला उशीर म्हणता? मलेशियात १९९८-९९ मध्ये आधी जपानी मेंदूज्वर समजून डास मारत बसले होते. त्या साथीत शंभरावर माणसं गेली.

स्टाफनर्स_ताई
माझ्यासोबत आयसोलेशन वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होती, कोळिकोडकडची. २०१८ मध्ये ती सुट्टीवरून परत आली तर घरमालकाने सामान जिन्यात काढून ठेवलेलं. तिच्या गावात एकही रुग्ण नव्हता. ती रडली नाही, ड्युटीवर आली. नंतर कोविडमध्ये माझ्याही सोसायटीत लिफ्टचा प्रश्न निघाला. थाळ्या वाजवणारी तीच माणसं. स्पष्टवक्ता दादा, तुमच्या भीतीचा खर्च आम्ही भरतो. आणि घर सोडावं लागेल या धास्तीने रुग्ण ताप लपवून येतो, तेव्हा लागण आम्हालाच होते.

बागायतदार
सगळे नर्स आणि अफवा करताय, मूळ रोगाबद्दल कोणी बोलेना. वटवाघळं! २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाच्या खुणा सापडल्याची बातमी आली होती ना? माझ्या चिकूच्या बागेत रात्री थवेच्या थवे उतरतात. अर्धा माल कुरतडलेला. बांधावरच्या वडावर शेकडो लटकतात. वड पाडला की प्रश्न मिटला. सरकारनेच यांना उपद्रवी ठरवलं होतं.

रानपाखरू
ठरवलं होतं, बरोबर. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत ती उपद्रवी प्राण्यांची यादीच गेली. आणि महाबळेश्वरच्या त्या गुहेतून माणसाला लागण झाल्याची एकही नोंद नाही, हे बातमीच्या मथळ्यात कोणी छापलं नाही.

वड पाडून काय होतं ते युगांडात पाहा. किताका खाणीत मारबर्ग, हा वटवाघळांतूनच येणारा दुसरा जीवघेणा विषाणू निघाला म्हणून तिथली वटवाघळं मारून संपवली. २०१२ मध्ये जवळच इबांडात पुन्हा साथ आली. खाणीत परतलेल्या वटवाघळांत संसर्गाचं प्रमाण आधीपेक्षा दुपटीहून जास्त. हुसकावलं की ती पांगतात, नवी येऊन मिसळतात, विषाणूला ताजी शरीरं मिळतात.

बागायतदार
युगांडा राहू द्या. माझ्या मजुराच्या पोराने उष्टा चिकू खाल्ला आणि काही झालं, तर तुम्ही याल का?

रानपाखरू
पोराला सांगा, दात लागलेलं फळ उचलायचं नाही आणि धुतल्याशिवाय काही खायचं नाही. याला एक रुपया लागत नाही. वड पाडायला मजुरी लागते.

बागायतदार
शहरात बसून सोपं आहे बोलायला! नुकसान कोणाचं होतं?

रानपाखरू
शहरात बसलेला नाही मी. माझ्या घरामागच्या चिंचेवर वटवाघळं आहेत आणि तिथेच माझी मुलं खेळतात. अंगावर येऊ नका.

स्पष्टवक्ता
बरं, एक मानतो. कोंबडीचा निरोप पुढे ढकलणाऱ्यांवर गुन्हे नोंदले ते ठीकच झालं. वटवाघळांनी कुरतडलेली म्हणून कॅमेऱ्यासमोर फळं खाणाऱ्या केरळातल्या त्या वैद्यावरही. पण तोच कायदा उद्या वॉर्डात पीपीई नाही म्हणणाऱ्यावर लावतील. तेव्हा कोकणकडा कुठे असतील?

कोकणकडा
त्याच्या बाजूने. केरळात तेव्हा आरोग्यमंत्री शैलजा कोळिकोडला तळ ठोकून बसल्या, रुग्णांची माहिती रोज जाहीर होत होती, २ हजारांहून जास्त संपर्कातली माणसं शोधली. ताप आला तर फोन कुठे करायचा हे लोकांना ठाऊक होतं. गुन्हे नोंदण्याआधी हे करावं लागतं, एवढं तुमचं खरं.

स्टाफनर्स_ताई
पीपीईबद्दल बोलणारी मीच होते एकदा. मेमो मिळाला. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहिते.

बागायतदार
या हंगामात वड ठेवतो. पण बागेवर जाळी टाकायची तर अनुदान कुठल्या योजनेत मिळतं, ते रानपाखरू यांनी सांगावं. नुसतं युगांडा नको.