डाउनलोडच्या लिंकमधी ../../ टाकून कुणीतरी फायली मागूलालंय, काय करावं?

तूरडाळ लातूर
राम राम मंडळी. लातूरला एका आडतीची वेबसाईट मी दोन वर्षाखाली करून दिलती, साधं पीएचपी, उबुंटूचा छोटा सर्व्हर. शेतकऱ्यानं सोयाबीन घातलं की हिशोबपट्टीची पीडीएफ बनते अन् त्याच्या मोबाईलवर लिंक जाते, लिंकच्या शेवटी पीडीएफचं नाव. कोडमधी ते नाव पट्ट्यांच्या फोल्डरला जोडून सरळ रीडफाइल (फाइल वाचून पाठवणारं पीएचपीचं फंक्शन) मारलंय, बाकी काही नाही. काल सहज अपाचेचा (वेबसर्व्हरचा) लॉग उघडला तर एकाच आयपीवरनं तीस-चाळीस वेळा पीडीएफच्या नावाजागी ../../../../../../ईटीसी/पासडब्ल्यूडी अन् असलंच कायकाय, अन् सगळ्याला २००, म्हणजे सर्व्हर 'ठीक आहे' म्हणूलालाय. पासवर्ड गेले का आता सगळे? शेठला अजून सांगितलं नाही, रात्रभर झोप नाही.

परभणीचा पीएचपीवाला
याला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात, लई जुना खेळ आहे. ../ म्हणजे एक फोल्डर वर. तुमचा फोल्डर किती आत आहे ते त्याला माहीत नाही, पण माहीत असायची गरजच नाही, रूटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरच्या, वर जायला जागाच नसते म्हणून जास्तीचे ../ वाया जातात, तो अंदाजानं सहा-आठ ठोकून देतो. त्या पासडब्ल्यूडी फाइलमध्ये आजकाल पासवर्ड नसतात, युजरची नावं असतात. पासवर्डचे हॅश (उलटे न करता येणारे सांकेतिक रूप) शॅडो नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये, अन् ती वेबसर्व्हरच्या युजरला वाचता येत नाही. एवढं घाबरू नका. स्ट्र रिप्लेसची एक ओळ टाका, ../ दिसलं की उडवा, विषय संपला.

नांदेड नाईट शिफ्ट
विषय कुठं संपला ओ. त्यानं ....// असं पाठवलं तर तुमची ओळ मधलं ../ उडवते अन् आजूबाजूचं उरलेलं जुळून परत ../ तयार. कोडमध्ये कुठं यूआरएल डिकोड (लिंकमधल्या %2e सारख्या खुणांचं परत टिंब करणं) दुसऱ्यांदा केलं असेल तर दोनदा एन्कोड केलेला टिंबही आत घुसतो. अपाचेवाल्यांचं स्वतःचं २.४.४९ व्हर्जन याच भानगडीत अडकलं होतं २०२१ ला, २.४.५० मध्ये दुरुस्ती केली तर ती अर्धवट निघाली, थोड्याच दिवसात २.४.५१ काढावं लागलं. त्यांची ही गत तर आपण एका ओळीत काय साफ करणार?

अन् खरी भीती पासडब्ल्यूडीची नाहीच. तुमची कॉन्फिग फाइल ब्राऊजरमध्ये उघडली तर कोरं पान दिसतं कारण पीएचपी ती चालवतं, पण रीडफाइल ती चालवत नाही, जशीच्या तशी हातात देतं. म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड उघडा. हे म्हणजे हमालाला बाहेरचा माणूस म्हणाला की कोपऱ्यातलं पोतं राहू दे, शेठच्या गादीखालची वही आण, अन् त्यानं आणून दिली.

२०० वर मात्र जाऊ नका. रीडफाइलला फाइल नाही सापडली तरी स्टेटस २०० च जाऊ शकतो. त्याच्या शेजारी बाईटचा आकडा असतो तो बघा, उबुंटूवर त्यात हेडरचे बाईटही धरलेले असतात, म्हणून सर्व्हरवरच्या फाइलच्या साईजपेक्षा थोडाच जास्त असला तर गेली समजा (जीझिप, म्हणजे पाठवताना फाइल आवळणं, चालू असेल तर जुळणार नाही). अन् लॉगची कॉपी आधी काढून ठेवा, उबुंटूवर अपाचेचे लॉग साधारण १४ दिवसच राहतात, नंतर बोंबलत बसाल.

बीडचा बंड्या
शेजारच्या आडतीच्या साईटवर पण असंच असंल का, टाकून बघू का एकदा 😄

नांदेड नाईट शिफ्ट
बंड्या, आयटी कायद्याचं कलम ४३ अन् ६६ (परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये घुसण्याबद्दलचं) वाच आधी, मग टाक. स्वतःच्या लॅपटॉपवर कर काय करायचं ते.

तूरडाळ लातूर
आकडे बघितले. बहुतेक ठिकाणी दोन-तीनशे बाईट, म्हणजे नुसते हेडर नाहीतर वॉर्निंगच असंल, पण पासडब्ल्यूडी जुळली अन् कॉन्फिग एकदा गेलेली आहे, हेडर धरून आकडा जुळतो. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, तोच पासवर्ड मेलला बी होता (हसू नका) तो बी बदलला. आता कोडचं सांगा, रिअलपाथ लावू का?

परभणीचा पीएचपीवाला
माझी ओळ मागं घेतो, ....// करून बघितलं लॅपटॉपवर, खरंच घुसलं. रिअलपाथ लावा, सगळे ../ सोडवून खरा पत्ता देतं, मग तो तुमच्या फोल्डरनंच सुरू होतो का बघायचं. तपासताना फोल्डरच्या नावापुढं शेवटचा स्लॅश धरा, नाहीतर पट्टी च्या नावाखाली पट्टी_जुनी पण पास होतं.

नांदेड नाईट शिफ्ट
ते ठीक, पण मुळात फाइलचं नाव बाहेरून घ्यायचंच कशाला? लिंकमध्ये पट्टीचा नंबर द्या, नाव डेटाबेसमधनं काढा, म्हणजे ../ ला जागाच उरत नाही. फक्त एक बघा, नंबर बदलला तर दुसऱ्याची पट्टी उघडते का? त्यासाठी लॉगिन तरी पाहिजे नाहीतर लिंकला लांबलचक रँडम कोड. आत्ता तुमच्या पीडीएफची नावं कशी आहेत?

तूरडाळ लातूर
पट्टी४१८, पट्टी४१९ अशीच. मोबाईलवर ४१८ चं ४१९ करून बघितलं आत्ता, औशाकडच्या एका शेतकऱ्याची उघडली, बँकेच्या खाते नंबरासकट. ह्याला तर ../ बी लागत नाही. डाउनलोडचं पानच बंद करूलालोय, मग शेठला फोन लावतो.