मदत हवी आहे: लेआउटमधलं पाणी आणि ड्रेनेज, पैसे कुणी भरायचे? (बेळगाव तालुका)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या आसपास लेआउटमध्ये घर बांधलेले, पंचायतीत किंवा पाणीपुरवठ्यात काम केलेले कुणी इथे असतील तर सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो, अर्धी माहिती दिली तर उत्तरंही अर्धीच मिळतील.

शहराच्या पश्चिमेला, महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत आमचा लेआउट आहे. १२० प्लॉट. जमीन एन.ए. आहे, नकाशा बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर, रेराचा (बांधकाम व प्लॉट विक्रीवरच्या नियामक प्राधिकरणाचा) नंबर जाहिरातीवरच होता. माहितीपत्रकात "भूमिगत ड्रेनेज, ओव्हरहेड टाकी, प्रत्येक प्लॉटला नळ" असं छापलेलं आहे आणि ते माझ्याकडे आहे. आजच्या घडीला ४० घरं उभी आहेत. बरेचसे नोकरदार, काही मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, ज्यांनी फंडाचे सगळे पैसे इथेच घातलेत.

प्रत्यक्षात असं आहे: रस्त्याखाली पाइप आहेत, चेंबरही बांधलेत, पण ड्रेनेजची लाइन खालच्या कोपऱ्यात ओढ्याजवळ येऊन थांबते. पुढे काहीच नाही. म्हणून प्रत्येकाने आपापली सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा केला. पावसाळ्यात जमिनीतलंच पाणी इतकं वर येतं की खड्डे शोषत नाहीत, टाक्या तुंबतात, मागच्या गल्लीत घाण पाणी वाहतं. पाण्यासाठी डेव्हलपरने मारलेली एकच बोअर आहे. मार्च लागला की ती तासाभरात धापा टाकते, मग टँकर. टाकी बांधली आहे, पण ती भरायला पाणीच नाही.

डेव्हलपर म्हणतात, मंजुरीप्रमाणे काम झालं, आता पंचायतीने बघायचं. पंचायत म्हणते, लेआउट आमच्या ताब्यात आलेला नाही आणि निधीही नाही. प्लॉटमागे ६० हजार जमा करा, गावच्या मेन लाइनवरून पाणी आणतो आणि ड्रेनेजचंही काय ते बघतो. १२० प्लॉटचे ७२ लाख होतात. पण ८० प्लॉटवाले पुणे, गोवा, बेंगळूरला आहेत, निम्म्यांचे फोन लागत नाहीत. म्हणजे ओझं ४० घरांवर, घरटी १ लाख ८० हजार.

मीटिंगमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, उन्हाळा तोंडावर आहे, देऊन टाकूया. दुसरा म्हणतो, एक रुपया द्यायचा नाही. मला दोघांचंही पटतं. शेजारच्या आजी सत्तरी ओलांडून टँकर आला की घागर घेऊन धावतात, ते बघवत नाही. पण एकदा पैसे दिले की डेव्हलपर सुटला, असंही वाटतं. कायद्याने हा खर्च कुणाचा? आपण काही भाग द्यायचाच झाला तर कशाचा द्यावा आणि कुठल्या अटीवर?

प्रतिसाद – सांबरा रोड

आमच्याकडेही असंच मागितलं होतं. लोकांनी दिले. पाइप आला, नळ आले, पाणी आठवड्यातून एकदा, तेही करंगळीएवढं. मूळ योजना गावातल्या घरांच्या हिशेबाने केलेली, त्यावर आमचं लेआउट जोडलं. गावकरी चिडले, आम्हीही चिडलो. मेन लाइनवर जादा पाणी आहे का, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तोंडी कुणीही "होय की, येतंय की पाणी" म्हणतं.

प्रतिसाद – निवृत्त ओव्हरसियर

आधी पाण्याचा हिशेब करा, पैशाचा नंतर. १२० घरं, घरटी साडेचार माणसं धरली तर ५४० लोक. भूमिगत ड्रेनेज असलेल्या शहरी वस्तीला माणशी रोज १३५ लिटर हा केंद्राचा निकष आहे. म्हणजे दिवसाला ७३ हजार लिटर, बारा हजारांचे सहा टँकर. जलजीवन मिशन, म्हणजे खेड्यांत घरोघरी नळ देण्याची केंद्राची योजना, जिला इकडे मनेमनेगे गंगे म्हणतात, ते माणशी ५५ लिटरवर आखलेलं आहे. त्या हिशेबाने तुमच्या वाट्याला ३० हजार लिटरसुद्धा येत नाहीत. सांबरा रोडवाल्यांच्या लाइनचं जे झालं ते यातूनच.

आता ड्रेनेज. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के गटारात येतं. पूर्ण वस्ती झाली तर रोज ५८ हजार लिटर. पण आज तुमच्याकडे एक तृतीयांश घरं आहेत आणि पाणी टँकरचं, जपून वापरलेलं. ड्रेनेजमध्ये मैला पुढे सरकायला सेकंदाला ६० सेंटिमीटरच्या आसपास वेग लागतो. इतक्या कमी पाण्यात तो मिळत नाही, मैला पाइपात बसतो आणि चेंबर तुंबतात. म्हणून "ड्रेनेज झालं" म्हणून कुणी सेप्टिक टाक्या बुजवायला सांगितलं तर ऐकू नका. टाक्या ठेवा, गाळ तिथेच बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी फक्त लाइनमध्ये सोडा आणि शेवटी छोटं शुद्धीकरण केंद्र. कमी वस्तीच्या लेआउटला हे जमतं. टाक्या मात्र दोन-तीन वर्षांनी मशीनने उपसायला हव्यात. माणूस आत उतरवू नका, २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि जीव जातो.

बोअरपासून शोषखड्डे किती अंतरावर आहेत तेही मोजा. किमान १८ मीटर हवेत. उद्याच पाण्याचा नमुना तपासायला द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (मैल्यातला जंतू) एकही सापडता कामा नये.

पैशाचं म्हणाल तर ६० हजाराचा आकडा एका गठ्ठ्यात स्वीकारू नका. लेआउटच्या आतले पाइप, टाकी, चेंबर, शुद्धीकरण हा भाग डेव्हलपरचा, तो तुमच्या प्लॉटच्या दरात आधीच वसूल झालाय. गावच्या लाइनपासून तुमच्या गेटपर्यंतचा भाग पंचायत किंवा सरकारी योजनेचा, तिथे लोकवर्गणी मागू शकतात. जलजीवनमध्येही गावातल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के वर्गणीची तरतूद आहे, डोंगराळ भागात आणि निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींच्या गावांत ५ टक्के. आणि पंपाचं हेस्कॉमचं (विजेचं) बिल, वॉटरमनचा पगार, दुरुस्ती हा रोजचा खर्च, तो मात्र तुमचाच. हे तीन खर्च एकाच पावतीत आले की पहिल्याचे पैसेही तुमच्याच खिशातून जातात.

प्रतिसाद – वडगाव शिवार

मी प्लॉटवाली नाही, शेतकरी घरातली आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमची लाइन ओढ्यापर्यंत येऊन थांबलीय म्हणता. ती तिथेच सोडून द्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर कृपा करून थांबवा. बळ्ळारी नाल्याच्या काठी आमची बासमतीची जमीन आहे. शहराचं सांडपाणी त्या नाल्यात येतं आणि पावसात नाला फुटला की तेच पाणी शहापूर, वडगाव, अनगोळच्या शेतात उभं राहतं. रोप लावायला उतरलं की पायाला खाज सुटते. तुमच्या खालीही कुणाचं तरी शेत असणार. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने असं सोडणं गुन्हा आहे. शुद्धीकरणाचे पैसे वाचवून कुणी स्वस्तात ड्रेनेज देत असेल, तर ती किंमत खालचा शेतकरी भरतो.

प्रतिसाद – कागदपत्र

ताईंचं म्हणणं पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आता कायद्याचं सांगतो.

रेरा कायदा २०१६ चा. कलम ११ प्रमाणे वस्ती संघटनेच्या ताब्यात जाईपर्यंत आवश्यक सेवा पुरवायची आणि चालवायची जबाबदारी डेव्हलपरची, वाजवी खर्च घेऊन. कलम १२ प्रमाणे माहितीपत्रकातल्या मजकुरावर विसंबून पैसे गुंतवले आणि तो मजकूर खोटा निघाला तर भरपाई. कलम १४ मध्ये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत सेवांमधली त्रुटी कळवली तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायची. पाच वर्षं कधी संपतात ते प्रत्येकाने आपल्या कागदावर तपासा. तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी बेंगळूरला जायला नको.

दुसरं, बुडाकडून मंजुरीपत्राची अटींसकट प्रत काढा. त्यात पाणी आणि सांडपाण्याची अट शब्दशः असते. कर्नाटकात सगळे प्लॉट एकदम विक्रीला मोकळे करत नाहीत, कामं होतील तसे टप्प्याने करतात. तुमचे काही प्लॉट अजून अडकलेले असतील तर तीच तुमची खरी ताकद. रस्ते आणि मोकळ्या जागांचं हक्कसोड पत्र नोंदलं गेलंय का, तेही बघा. हस्तांतर झाल्याशिवाय पंचायत तिथे सरकारी पैसा घालू शकत नाही, ते त्यांचं बरोबर आहे. पण "निधीच नाही" हे तेवढं बरोबर नाही. २०२१ ते २०२६ च्या १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता.

माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर ध्यानात ठेवा, कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मंजुरीपत्राला एक अर्ज, प्लॉट मोकळे केल्याच्या आदेशाला दुसरा, पाणी योजनेच्या क्षमतेला तिसरा. एकत्र लिहिलं की परत येतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वडगावच्या ताई, तुमचा प्रतिसाद मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. ओढ्यात सोडायचं नाही, यावर दोन्ही तट एक झाले.

मंजुरीपत्र मिळालं, एका शेजाऱ्याने खरेदीच्या वेळी घेऊन ठेवलं होतं. सांडपाणी शुद्धीकरणाची अट त्यात स्पष्ट आहे. रस्त्यांचं हक्कसोड पत्र झालंय, पण पंचायतीकडे हस्तांतर नाही. आणि काही प्लॉट अजून मोकळे केलेले नाहीत, हे वाचून सगळेच सावरून बसले. पाण्याचा नमुना तपासायला दिलाय, तोपर्यंत बोअरचं पाणी उकळूनच प्या, असं घरोघरी सांगितलं.

अडचण उरते ती बाहेरच्या लाइनची आणि या उन्हाळ्याची. रेराचा निकाल येईपर्यंत लोकांनी टँकरवरच राहायचं का? पंचायतीला काहीच दिलं नाही तर ते आमचं नाव यादीत घेतील असं वाटत नाही. आणि ते ८० प्लॉटवाले?

प्रतिसाद – निवृत्त ओव्हरसियर

पंचायतीशी भांडू नका, उद्या नळाचं बिल तिथेच भरायचंय. बाहेरच्या लाइनची वर्गणी द्यायला तयार आहोत असं लेखी कळवा, पण जिल्हा पंचायतीच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या इंजिनिअरचं अंदाजपत्रक आल्यावर, ग्रामसभेत विषय मंजूर झाल्यावर, आणि चेक पंचायतीच्या खात्यातच. रोख कुणाच्याही हातात नाही. पत्रात एक वाक्य हवंच: ही रक्कम लेआउटच्या आतल्या कामासाठी नाही, त्या कामाबाबतचा आमचा हक्क राखून ठेवला आहे.

यंदाच्या उन्हाळ्याला संप (जमिनीतली साठवणीची टाकी) करा, घरोघरी नाही, सगळ्यांचा मिळून एक. टँकर त्यात रिकामा करायचा आणि तिथून डेव्हलपरच्याच पाइपातून ठरलेल्या वेळी सोडायचं. आजींना घागर उचलायला लागणार नाही आणि पाइप कुठे गळतोय तेही कळेल. त्या गळतीचे फोटो तारखेसकट ठेवा, तक्रारीला लागतील.

प्रतिसाद – कागदपत्र

संघटना आधी नोंदवा, १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली. वर्गणी घरटी नको, प्लॉटमागे ठेवा, म्हणजे ८० जणांचाही वाटा कागदावर राहतो. बाहेरगावच्यांना रजिस्टर पोस्टाने कळवा. पाणी-ड्रेनेज नसलेला प्लॉट विकायला गेलं की काय भाव येतो ते त्यांनाही माहीत आहे, बरेच जण देतील. संप आणि टँकरचा खर्च संघटनेच्या खात्यातून करा, पावत्या जपा, रेराच्या तक्रारीत भरपाई म्हणून मागता येतो.

धागाकर्ता

हे जमेल. रविवारी नोंदणीच्या सह्या घेतो. पंचायतीचं पत्र कन्नडमध्येच द्यावं लागेल आणि आमच्यात नीट कन्नड लिहिणारं कुणी नाही. "हक्क राखून" हे वाक्य चुकीचं जायला नको. कुणी मसुदा करून देईल का?

प्रतिसाद – सांबरा रोड

माझी मुलगी कन्नड माध्यमात शिकलीय, तालुका कचेरीचे अर्ज तीच लिहिते. मुद्दे मराठीत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मंजुरीपत्राच्या त्या अटीचा फोटोही पाठवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत देते म्हणाली.