त्रेपन्न दिवस निभावले आणि शांत रविवारी प्यायले. असं का होतं?

कृष्णाकाठ

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. मिस्टरांचं वय ४१. दहा-बारा वर्षं रोज पिणं होतं, शेवटच्या दोन वर्षांत तर सकाळपासूनच. सासूबाईंनी गळ्यात माळ घालायला लावली, ती तीन महिने टिकली. यंदा स्वतःच म्हणाले, मला व्यसनमुक्ती केंद्रात न्या. तीस दिवस राहिले. घरी आल्यावर तेवीस दिवस एकदम छान. सकाळी बागेत जायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचे, आठ वाजता जेवण.

तिथल्या समुपदेशकांनी सांगितलं होतं की जुने मित्र नकोत, बसस्टँडकडची वाट नको, खिशात पैसे नकोत. सगळं पाळलं.

शुक्रवारी विहिरीच्या मोटरवरून दिरांशी जोराचं भांडण झालं. पाळी आमची असताना त्यांनी मोटर चालू केली. चार लोकांसमोर ते मिस्टरांना म्हणाले, "तू आधी शुद्धीवर राहायला शीक." त्या रात्री मी जागी राहिले, पण हे प्यायले नाहीत. शनिवारी पण नाही. रविवारी दुपारी आम्ही सगळे हळदीला गेलो, हे घरी एकटे. भांडण नाही, काम नाही, पंखा चालू, टीव्ही चालू. परत आलो तर क्वार्टर रिकामी.

सासूबाई म्हणतात मनच नाही त्याचं. हे दोन दिवस तोंड लपवून बसलेत. पुण्याच्या चुलत बहिणीने येल विद्यापीठातल्या रजिता सिन्हा यांचं इंग्रजी भाषण पाठवलं. तणाव आणि तलफ यावर त्यांचं काम आहे म्हणे. मला अर्धंच कळलं. कोणी मराठीत समजावून सांगेल का? भांडणाच्या दिवशी न पिणारा माणूस शांत दिवशी का पितो?

एकेक_दिवस

ताई, मी मद्यपी आहे. नऊ वर्षं झाली दारूला हात लावला नाही. संशोधनातलं मला कळत नाही, माझं सांगतो. वडील गेले तेव्हा मी दीड वर्ष कोरडा होतो. दहावा, तेरावा सगळं उभं राहून केलं, लोक म्हणाले पोरगा सुधारला. तेराव्यानंतर पाहुणे गेले, मंडप सुटला, मी ओट्यावर एकटाच बसलो आणि तिथून उठून थेट दुकानात गेलो. आमच्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये चार गोष्टी बघायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तुमच्या रविवारी निदान दोन तरी होत्या. दादांना मीटिंगला पाठवा. आणि तोंड लपवलंय म्हणता, म्हणजे आत टोचतंय. त्यात अजून टोचू नका.

दिंडोरीरोड

कृष्णाकाठताई, मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, नाशिकला चौदा वर्षं व्यसनमुक्तीतच काम करते. सिन्हाबाईंचं काम मी शिकत असल्यापासून वाचते, कारण माझे वडीलही असेच शांत दुपारी प्यायचे आणि घरात त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्यांची पद्धत आधी सांगते, खरी गोम तिथेच आहे. अमेरिकेत न्यू हेवनला त्या उपचार घेणाऱ्या माणसांना दाखल करून घेतात आणि त्यांच्याच आयुष्यातला एक ताणाचा प्रसंग विचारतात. अगदी बारकाईने: कोण काय बोललं, तुम्ही कुठे उभे होता, छातीत काय झालं, हात कसे झाले. त्यावरून साधारण पाच मिनिटांचं निवेदन लिहून ध्वनिमुद्रित करतात. दुसरं निवेदन व्यसनाच्या आठवणीचं, तिसरं निवांत प्रसंगाचं. वेगवेगळ्या दिवशी एकेक ऐकवतात आणि तलफ किती ते विचारतात. सोबत नाडीचे ठोके, रक्तदाब, रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांना तिथे नेलं असतं तर दुसऱ्या कुणाची दुःखकथा ऐकवली नसती. विहीर, मोटर आणि भावाचं ते वाक्यच कानात घातलं असतं.

यातून दिसलं ते असं. दारूची किंवा कोकेनची सवय जडलेल्यांना ताणाचा प्रसंग नुसता ऐकूनही तलफ येते. समोर बाटली नसते, मित्र नसतात, तरीही. २००६ साली कोकेन सोडलेल्या रुग्णांवर त्यांनी एक अभ्यास छापला. दाखल असताना ताणाच्या निवेदनाने ज्यांची तलफ जास्त भडकली, ते घरी गेल्यावर लवकर घसरले. कोकेनच्या आठवणीने भडकलेल्या तलफेवरून मात्र तो अंदाज बांधता आला नाही. आमच्याकडे सगळा भर "दुकानाच्या वाटेने जाऊ नका" यावर असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि आम्ही समुपदेशक घरच्यांना ते पुरेसं स्पष्ट सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचा रविवार. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने चार ते आठ आठवडे दारू सोडलेल्या रुग्णांच्या मेंदूचं चित्रण केलं. तुमचे त्रेपन्न दिवस बरोबर याच काळात येतात. कपाळामागे, मधोमध खालच्या बाजूला मेंदूचा एक भाग आहे. भावनांना लगाम घालण्यात त्याचा वाटा मोठा. पुढे घसरलेल्या रुग्णांमध्ये हा भाग निवांत प्रसंग ऐकतानासुद्धा चढा होता आणि ताणाचा प्रसंग आला की उलट मंद पडत होता. विसाव्याच्या वेळी विसावा नाही आणि गरजेच्या वेळी लगाम नाही. बाहेरून पंखा, टीव्ही, शांत दुपार. आत शुक्रवार चालूच. शुक्रवारी-शनिवारी तुम्ही जाग्या होतात, माणसं होती, ते सांभाळून होते. घर रिकामं झालं तेव्हा धरून ठेवलेलं सुटलं. मिस्टरांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हेच झालं असं म्हणणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत मात्र हे वारंवार दिसतं.

म्हणून "मनच नाही" हे सासूबाईंचं म्हणणं मला पटत नाही. मन नसतं तर माणूस शुक्रवारीच प्यायला असता.

दोन गोष्टी लगेच करा. ते अजून पीत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. इतक्या वर्षांच्या पिण्यानंतर हात थरथरणं, झटके, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांकडे न्या. आणि पुढच्या भेटीत समुपदेशकांना सांगा की आम्हाला शुक्रवारबद्दल बोलायचंय. रविवारची चौकशी नंतर. घरी तुम्हीच भांडण पुन्हा उगाळत बसू नका, त्याने तलफच पेटेल. बोलणं झाल्यावर माणसाला खाली उतरवायला शेजारी शिकलेलं कुणी लागतं. जवळ सोय नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात.

कृष्णाकाठ

ताई, दोनदा वाचलं. सोमवारपासून घेतलेली नाही, तरी उद्या डॉक्टरांकडे जातो. ताण कमी करून तलफ थांबवणारं काही औषध आहे का?

दिंडोरीरोड

सिन्हाबाईंनी त्या दिशेनेही काम केलंय. प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं औषध त्यांनी दारू सोडू पाहणाऱ्यांना बारा आठवडे देऊन पाहिलं. सोडताना ज्यांना त्रास जास्त होता त्यांचं पिणं कमी झालं, त्रास कमी असणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. आपल्याकडे हेच औषध वेगळ्या कारणाने माहीत आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात विंचू चावलेल्या रुग्णांना दिलं ते हेच. विंचवाच्या विषाने अंगात ॲड्रेनालिनचा पूर येतो, त्याला ते बांध घालतं. तीव्र ताणातही शरीर हीच रसायनं सोडतं. म्हणूनच ते इथे वापरून पाहावंसं वाटलं असणार. पण दारूसाठी हे अजून सर्रास देत नाहीत, उभं राहताना एकदम रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. मनाने आणून देऊ नका. तलफ कमी करणारी दुसरी रुळलेली औषधं आहेत, त्याबद्दल मनोविकारतज्ज्ञांना विचारा.

एकेक_दिवस

आणि येत्या रविवारी त्यांना एकटं ठेवू नका ताई. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. दुपारी दोनला मीच फोन करतो.

कृष्णाकाठ

दहा दिवसांनी लिहितेय. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू आहेत. समुपदेशकांकडे शुक्रवारचं काढलं. मला वाटत होतं मोटरचा राग असेल. हे म्हणाले, "मोटरचं काही नाही. पोरगी तिथे उभी होती. तिनं ऐकलं." मलाही माहीत नव्हतं ती विहिरीवर गेली होती ते. पाऊण तास बोलत होते. तिथेच श्वासाचा व्यायाम करून घेतला आणि मगच घरी सोडलं.

रविवारी दोनला एकेक_दिवस दादांचा फोन आला. मुलगी शेजारीच गणितं सोडवत बसली होती. पाळीचं वेळापत्रक आता दिरांनी आणि यांनी मिळून कागदावर लिहून मोटरच्या पेटीत चिकटवलंय.